वजनाचा कासरा कुणाच्या हाती?

साखर कारखान्याच्या अंकात वजन कमी करण्यावर लेख लिहायचा म्हणजे देवळात बसून देवाची उणीदुणी काढण्यातला प्रकार झाला, हे मला कळते. संपादकांना तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "गुरुजी, आपली साखर विकायची आहे. ती सगळी सभासदांनीच खायची असं कुठं ठरलंय?" तेव्हा नाइलाजाने कागद पुढे ओढला.

गेल्या गळीत हंगामात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले तेव्हा नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. वजनकाट्यापाशी जी गंमत चालली होती ती सांगण्यासारखी आहे. एक सभासद काट्यावर चढले, आकडा बघितला आणि म्हणाले, "हा काटा मारतोय." सगळी रांग हसली. त्यांच्या मागचे म्हणाले, "अहो, आधी रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, मग मालाचं सांगा." पुन्हा हशा. पण पुढच्या टेबलावर डॉक्टर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "वजन कशानं वाढलं असं तुम्हांला वाटतं?" आणि त्याची उत्तरे माझ्या कानावर पडत होती. "आमचं घराणंच असलं." "चाळिशी उलटली की वाढतंच की." "वारा प्यालो तरी अंगाला लागतो." "घरात करतील ते खायचं, आपल्या हातात काय?" एक माउली म्हणाली, "धाकट्याच्या बाळंतपणात अंग सुटलं ते सुटलंच." दिवसभरात "मी जास्त खातो" असे म्हणणारे दोन की तीन निघाले.

मी हसत होतो, पण माझेही उत्तर तयारच होते. माझे वजन ९१ किलो भरले आणि कंबर १०८ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की धोका धरतात. माझे थोरले बंधू मधुमेहाचे. खोडव्याच्या रानात बुडखा पायात घुसला, जखम चिघळली, आधी अंगठा काढावा लागला, मग पाऊल. तीन वर्षांत गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, "भोग आहे, भोगायचा." रक्तातली साखर माझीही वाढलेली निघाली तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की आता आपला नंबर. डॉक्टरांना मी तसे सांगितलेसुद्धा. ते पोरसवदाच आहेत, पण बोलले नेमके. म्हणाले, "गुरुजी, कासरा सोडून दिलात तर बैल जातील तिकडं गाडी जाणार. आणि मग तुम्ही म्हणणार, वाटच तशी होती."

हे कासऱ्याचे बोलणे मनातून जाईना, म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो.

अमेरिकेत ज्यूलियन रॉटर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मले. १९३० च्या आसपासच्या मंदीत त्यांच्या वडिलांचा धंदा बसला, आणि माणसाच्या मनावर परिस्थिती काय करते ते त्यांनी घरातच पाहिले. पुढे १९६६ साली त्यांनी एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याला जे फळ मिळते ते आपल्या करणीचे आहे असे काही माणसांना वाटते, तर ते नशिबाने, योगायोगाने किंवा दुसऱ्या कुणा बलवानाच्या मर्जीने मिळते असे काहींना वाटते. हे मोजायला त्यांनी वाक्यांच्या २९ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतले जे पटेल ते निवडायचे. त्यातल्या सहा जोड्या उगाच, म्हणजे आपण काय मोजतो आहोत हे समोरच्याला उमगू नये म्हणून घातलेल्या. मानसशास्त्रज्ञ याला नियंत्रणाचे केंद्र म्हणतात, ते आत आहे की बाहेर हे पाहतात. आपण कासरा म्हणू. गंमत बघा, त्याच १९६६ सालात आपल्याकडे ऊस नियंत्रण आदेश निघाला. तिकडे माणसाचे स्वतःवर किती नियंत्रण ते मोजत होते आणि इकडे उसावर सरकारचे नियंत्रण पक्के होत होते.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. शेतकऱ्याच्या आयुष्यात कासरा दुसऱ्याच्याच हातात असण्याचे प्रसंग किती! पाऊस आपल्या हातात नाही. एफआरपी ठरते दिल्लीला. वीज रात्रीची दिली तर रात्री दारे धरायला उठायचे. तोडणीची टोळी आज येते म्हणते आणि येते पंधरा दिवसांनी, तोवर उसाला तुरे फुटतात. पिढ्यान्‌पिढ्या असे गेल्यावर "आपल्या हातात काय आहे" हे वाक्य आपसूकच तोंडात बसते. त्यात खोटे काही नाही. घोटाळा पुढे होतो. तेच वाक्य आपण स्वतःच्या ताटावरही म्हणतो. एकराला युरिया किती पोती, कुठल्या सरीला पाणी कमी पोहोचते, कुठल्या कोपऱ्यात हुमणी लागली, हे बारकाईने सांगणारा माणूस आपण दिवसाला किती कप चहा पितो हे सांगू शकत नाही. शिबिरात मीही सांगू शकलो नाही. "चारपाच असेल" म्हणालो.

वजनाच्या बाबतीत कासऱ्याचा संबंध लागतो का, हे १९७५ साली बाल्च आणि रॉस या दोघांनी वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात आलेल्या लोकांवर पाहिले. कासरा आपल्या हातात आहे असे मानणारे लोक कार्यक्रम शेवटपर्यंत पुरा करण्यात आणि वजन उतरवण्यात पुढे निघाले. पुढे १९८२ मध्ये एलेनॉर सॉल्टझर यांनी खास वजनापुरती चारच वाक्यांची चाचणी केली. त्यांचा विचार मला पटला. माणूस सगळ्याच गोष्टींत नशीबवादी किंवा सगळ्यातच कर्तृत्ववादी नसतो. उसाच्या बाबतीत वाघ आणि ताटापुढे शेळी, असे आपल्यात कितीतरी आहेत. खुद्द रॉटरनाही लोकांनी माणसांची दोन खात्यांत वाटणी केलेली आवडली नव्हती. आतला कासरावाला तेवढा भला आणि बाहेरचा तो नालायक, असे धरू नका, असे त्यांनी १९७५ मध्ये बजावून लिहिले.

पण कासरा हातात आहे एवढे समजून गाडी हाकता येते असे नाही. १९७७ साली अल्बर्ट बंडुरा यांनी यात एक भर घातली. ते म्हणाले, "आपल्या हातात आहे" हे मानणे एक आणि "हे अमुक काम मला जमेल" हा भरवसा निराळा. ताट आपल्याच हातात आहे हे मान्य करूनही "पण मला नाही जमायचं" असे म्हणणारा माणूस हलत नाही. हा भरवसा येतो कशाने? बंडुरांच्या मते सगळ्यांत जास्त येतो तो स्वतःच्या हातून काम पार पडल्याने. त्याच्या खालोखाल आपल्यासारख्याच कुणाला जमलेले पाहिल्याने. उपदेशाने येतो, पण तो फार टिकत नाही. हे वाचल्यावर मला आमच्या गावात ठिबक कसे आले ते आठवले. शेतकी खात्याची व्याख्याने झाली, स्लाइड दाखवल्या, पत्रके वाटली, कुणी हलले नाही. बांधाला बांध असलेल्या एकाने अर्धा एकर केले आणि पुढच्या हंगामात बारा जणांनी अर्ज दिले.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे जाड माणसाला दरडावण्याचे आणखी एक निमित्त होईल.

"घराण्यातच आहे" हे म्हणणे निम्मे खरे आहे. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक मुलांची मोठेपणची वजने तपासली, १९८६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जाडीचा संबंध जन्म देणाऱ्या आईबापांशी लागला, वाढवणाऱ्यांशी लागला नाही. आपल्याकडचे उदाहरण तर जवळचे आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांच्या अंगात २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून जन्मतात, असे त्यात दिसले. म्हणजे हा कारभार आईच्या पोटापासूनचा. काट्यावर किरकोळ दिसणाऱ्यानेही कंबर मोजून घ्यावी ती याच कारणाने.

त्याहून मोठी अडचण वजन उतरल्यानंतरची. ऊस तोडला तरी बुडखा रानात राहतो आणि पाणी मिळाले की खोडवा फुटतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. चरबीचे तसेच आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की मोठ्या माणसाच्या अंगातल्या चरबीच्या पेशींची संख्या वजन उतरल्यावरही जवळपास तेवढीच राहते. पेशी लहान होतात, जात नाहीत. आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २०११ मध्ये दिसून आले की कडक पथ्याने वजन उतरवल्यावर वर्ष झाले तरी भूक वाढवणारे रक्तातले इशारे वाढलेलेच असतात. शरीर खोडव्याची तयारी करून बसलेले असते. ज्याला हे सांगितलेले नसते तो दोन किलो परत चढल्यावर "माझ्यातच कस नाही" म्हणून सगळेच सोडून देतो. एकादशी दुप्पट खाशी, तसे मग आठवडाभर चालते. "सगळं तुमच्याच हातात आहे" असे छातीठोकपणे सांगणारे लोक, माझ्या मते, "सगळं नशिबात आहे" म्हणणाऱ्यांइतकेच नुकसान करतात. बैल आपण निवडलेले नाहीत, चढ आपण घातलेला नाही. हातात आहे तो फक्त कासरा.

तो धरायचा कसा? मला डॉक्टरांनी पथ्याचा छापील कागद दिला नाही. चाळीस पानी वही घ्यायला सांगितली. "आठ दिवस काही बदलू नका. तोंडात जाईल ते फक्त लिहा." मास्तरकी केलेला माणूस, लिहायला काय लागते? पण तिसऱ्या दिवशीच घाम फुटला. आठवड्याअखेर बेरीज केली तर चहाचे कप ६३! दिवसाला नऊ. आपल्यात कुणाच्या दारात गेले की चहा नाही म्हणता येत नाही, आणि निवृत्त मास्तर दिवसाला पाच दारांत जातोच. कपाला दोन लहान चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर धरली तर रोजची ९० ग्रॅम, महिन्याची पावणेतीन किलोच्या घरात, ती नुसती चहातली. तिच्यातून ३६० कॅलरी मिळतात, म्हणजे पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांइतक्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली ती दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला सगळी मिळून ५० ग्रॅमच्या आसपास येते. गूळ घातला तर चालेल का, असे शिबिरात पुष्कळांनी विचारले. गुळाचा चहा चवीला फक्कड लागतो, पण वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्खी भावंडे.

वही ही काही आमच्या डॉक्टरांची टूम नाही. अमेरिकेत सुमारे सतराशे लोकांचा वजन उतरवण्याचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज खाल्लेले लिहिणाऱ्यांचे वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. आता, जो लिहितो तो मुळातच चिकाटीचा असेल, म्हणून सगळे श्रेय वहीला देऊ नये. तरी वहीचा एक गुण मी अनुभवाने सांगतो. "मी खादाड आहे" हे वाक्य बदलता येत नाही. "दुपारी चार ते सहा या वेळात तीन चहा" हे वाक्य बदलता येते. मी आधी तेवढेच बदलले. नऊचे सहा केले, मग चार, मग साखर एक चमचा. तालुक्याला जायचे सोडून बाकी गावात मोटरसायकल बंद केली. रानात पायी जायला लागलो. पहिल्या दिवशी वाटेत चौघांनी गाडी थांबवून विचारले, "गुरुजी, गाडी बंद पडली काय?"

आपली मेहनत कुठे गेली याचाही इथे विचार करावा. मोट गेली, बैल गेले, नांगरट ट्रॅक्टरने होते, मोटार तर आता घरबसल्या फोनवरून चालू होते. ऊस तोडून, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा माणूस बीडकडचा असतो. आपण बांधावर बसून मोळ्या मोजतो. खाणे मात्र मोटेच्या काळातले राहिले.

वही लिहून महिना झाला तेव्हा मी घरात जरा तोऱ्यात म्हणालो, आता कासरा माझ्या हातात आलाय. त्यावर आमच्या घरातून उत्तर आले, "अहो, कासरा तुमच्या हातात असंल, पण चूल माझ्याकडं आहे. आणि माझा कासरा कुणाकडं आहे ते कुणी लिहिलंय का तुमच्या पुस्तकात?" मी गप्प झालो. तिचे म्हणणे असे, की बाईने सगळ्यांची जेवणे झाल्यावर बसायचे, उरलेले टाकवत नाही म्हणून ते संपवायचे, पाहुणा आला की त्याच्याबरोबर चहा घ्यायचा, पहाटे फिरायला जावे तर लोक काय म्हणतील आणि धारा कोण काढणार. सभासदांच्या घरांतून कासऱ्याची वाटणी सारखी झालेली नाही, हे खरेच आहे. त्या दिवसापासून आम्ही एकाच वेळी जेवायला बसतो, उरलेली भाकरी म्हशीला जाते, आणि वहीत दोन रकाने झाले. तिची कंबर माझ्याआधी उतरली. हे लिहू नका म्हणाली होती.

किती उतरले पाहिजे? इथे पुष्कळांची समजूत चुकते. शहरातल्या जाहिरातींत महिन्यात पंधरा किलो सांगतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग आहे. रक्तातली साखर वाढू लागलेले, पण अजून मधुमेह न झालेले ३,२३४ लोक त्यात होते. राहणी बदलणाऱ्या गटाला उद्दिष्ट दिले ते फक्त सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे. सरासरी पावणेतीन वर्षांच्या काळात या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्या देशात चेन्नईला तसाच प्रयोग झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे राहणी बदलून २८.५ टक्क्यांनी घट दिसली, आणि विशेष म्हणजे वजन फारसे न उतरताही. ९१ किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. हे ऐकल्यावर माझ्या मनावरचे ओझे आधी उतरले, अंगावरचे नंतर.

एक सूचना मात्र कडक आहे. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून जेवण निम्मे करू नये, आणि गोळीही आपल्या मनाने बंद करू नये. औषध तेवढेच आणि खाणे एकदम कमी, असे झाले तर साखर फार खाली जाऊन माणूस रानात चक्कर येऊन पडतो. औषधाचा डोस डॉक्टरांनीच बदलायचा. तिथे कासरा त्यांच्या हातात द्यावा.

माझे म्हणाल तर वजन दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी करतो. वजन उतरवून टिकवलेल्या हजारो लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवतात. त्यांतले चारातले तीन आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात, म्हणून मीही ती सवय धरली. चौदा महिन्यांत ९१ चे ८३.४ झाले. सरळ रेषेत नाही. सुगीत उतरले, दिवाळीत चढले, सभासदांची सवलतीची साखर घरात आली तेव्हा लाडूंनी थोडे चढवले. मध्ये दीड महिना आकडा जागचा हलला नाही, तेव्हा वही फेकून द्यावी असे दोनदा वाटले. रक्तातली साखर अजून काठावर आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची आहे. थोरल्या बंधूंच्या मुलालाही मी एक वही नेऊन दिली. तो चाळिशीचा आहे, ९७ किलो. "बघू" म्हणाला. वही अजून कोरीच आहे असे सूनबाई सांगतात, पण गेल्या आठवड्यात तो स्वतः येऊन विचारून गेला, "काका, तुमचा तो काटा कुठनं आणला?"

गेल्या सोमवारची माझी नोंद अशी : वजन ८४ किलो. मागच्या सोमवारपेक्षा ६०० ग्रॅम जास्त. रविवारी भाचीचे लग्न, जिलब्या सहा.